महाभारताची चिकित्सित आवृत्ती आणि सामान्य मराठी वाचक : ‘युगान्त’च्या संदर्भात एक विवेचन

सारांश

अभिजात ग्रंथांविषयीचे संशोधन सामान्य वाचकापर्यंत पोहोचविताना केवळ निष्कर्ष पोहोचविणे पुरेसे नसते. तो निष्कर्ष कोणत्या आधारावर उभा आहे आणि किती खात्रीचा आहे, हेही वाचकाला कळावे लागते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती आणि त्या आवृत्तीच्या आधारे इरावती कर्वे यांनी लिहिलेला ‘युगान्त’ हा ग्रंथ, या दोहोंच्या संबंधातून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : चिकित्सित आवृत्ती, पाठभेद, प्रक्षेप, सामान्य वाचक, ‘युगान्त’, नरोटी.

१. प्रास्ताविक

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या निर्णयाचे स्वागत सर्वत्र झाले. तथापि भाषेला दर्जा मिळणे आणि त्या भाषेतील व तिच्या पूर्वपरंपरेतील अभिजात ग्रंथ समाजाच्या वाचनात असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांमधून अशा ग्रंथांविषयी ज्ञान सतत निर्माण होत असते. हे ज्ञान अध्यापकांच्या वर्तुळाबाहेर कोणत्या रूपात जाते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

मराठीत या कार्याची परंपरा जुनी आहे. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ लोकभाषेत आणला. सतराव्या शतकात मुक्तेश्वरांनी आणि अठराव्या शतकात मोरोपंतांनी महाभारत मराठी काव्यात उतरविले. विसाव्या शतकाच्या आरंभी चिपळूणकर मंडळींनी महाभारताचे गद्य भाषांतर प्रसिद्ध केले. म्हणजे महाभारत मराठी घरात नव्हते असे कधीच झाले नाही. विसाव्या शतकात नव्याने निर्माण झालेली समस्या वेगळी होती. महाभारताचा पाठ कोणता मानावा, याविषयी विद्वानांनी अभूतपूर्व स्वरूपाचे संशोधन केले. परंतु लोकमानसातील महाभारत आणि संशोधनातून निश्चित झालेले महाभारत यांच्यात मोठे अंतर राहिले. हे अंतर कसे सांधावे, याचे एक उत्तर ‘युगान्त’मध्ये मिळते.

२. चिकित्सित आवृत्ती : स्वरूप आणि कार्यपद्धती

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. १ एप्रिल १९१९ रोजी रा. गो. भांडारकर यांच्या हस्ते महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या कार्यास आरंभ झाला. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी या कार्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य घोषित केले होते. १९२५ मध्ये वि. सी. सुकथनकर मुख्य संपादक झाले. केंब्रिज येथे गणिताचे आणि बर्लिन येथे प्राच्यविद्येचे शिक्षण घेतलेल्या सुकथनकरांनी या कार्याला शास्त्रीय शिस्त दिली. १९३३ मध्ये आदिपर्व त्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह पूर्ण झाले. त्यांच्या निधनानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि त्यानंतर प. ल. वैद्य यांनी मुख्य संपादकपद सांभाळले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत कार्यपूर्तीची घोषणा झाली. एका ग्रंथाच्या पाठनिश्चितीसाठी विद्वानांच्या दोन-तीन पिढ्यांची सत्तेचाळीस वर्षे खर्ची पडली.

या कार्याची पद्धती थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल. संस्थेच्या नोंदीनुसार एकूण १२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. शारदा, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम अशा विविध लिप्यांमधील पोथ्या एकत्र करण्यात आल्या. पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय येथेही पोथ्यांच्या तुलनेचे काम चाले. एकेक श्लोक स्वतंत्र कागदावर लिहावयाचा आणि प्रत्येक पोथीतील भेद त्याखाली नोंदवावयाचा, असे हे कष्टाचे काम होते. पोथ्यांचे उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील असे दोन प्रमुख गट स्पष्ट झाले. परस्परांपासून दूर वाढलेल्या या दोन्ही गटांत जो पाठ समान आढळतो, तो जुना असण्याची शक्यता अधिक, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. जो मजकूर मोजक्याच पोथ्यांत आढळला, तो संहितेतून काढून तळटीपांत किंवा परिशिष्टांत दिला गेला. तो नष्ट करण्यात आला नाही, ही बाब महत्त्वाची आहे.

या आवृत्तीच्या मुद्रणात एक लक्षणीय संकेत पाळलेला दिसतो. संपादकाने पाठ स्वीकारला आहे, परंतु त्याविषयी पूर्ण खात्री नाही, अशा ठिकाणी अक्षरांखाली नागमोडी रेघ दिलेली असते. आपल्या निर्णयाच्या खात्रीचे प्रमाण संपादक वाचकाला प्रत्येक ओळीत सांगत असतो. संशोधनाच्या सचोटीचे याहून बोलके चिन्ह सापडणे कठीण आहे.

सिद्ध झालेली संहिता म्हणजे व्यासांच्या हातचे मूळ महाभारत नव्हे. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जाता येईल तितका प्राचीन पाठ, एवढाच तिचा दावा आहे. हा मर्यादित दावा विद्वानांना परिचित असला, तरी संस्थेबाहेर तो क्वचितच पोहोचला. बाहेर पोहोचली ती ‘अमुक प्रसंग खोटा ठरला’ अशी वार्ता.

३. लोकमानसातील महाभारत आणि संहिता : तीन उदाहरणे

निष्कर्ष पद्धतीपासून तोडून सांगितला की काय होते, हे तीन परिचित प्रसंगांवरून स्पष्ट होते.

पहिले उदाहरण मयसभेचे. दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदी हसली आणि अंध पित्याच्या पुत्राविषयी ती टोचून बोलली, असा प्रसंग सर्वतोमुखी आहे. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर प्रसारित झालेल्या मालिकेने तो घरोघरी दृढ केला. चिकित्सित आवृत्तीच्या सभापर्वात हे टोचून बोलणे नाही. दुर्योधन पडला तेव्हा भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवक हसले, असे निवेदक सांगतो. तेथे द्रौपदीचे नाव येत नाही. मात्र पुढे हस्तिनापुरात पित्याजवळ गाऱ्हाणे मांडताना दुर्योधन स्वतः सांगतो, की कृष्ण आणि अर्जुन हसले आणि द्रौपदीही इतर स्त्रियांसह हसली. ‘द्रौपदी हसलीच नाही’ हे विधान म्हणूनच अपुरे आहे. निवेदकाच्या कथनात ती हसत नाही आणि अपमानाने पोळलेल्या माणसाच्या कथनात ती हसते, हे अधिक अचूक विधान आहे. ते वाचकाला अधिक विचारप्रवृत्तही करते. युद्धाचे खापर एका स्त्रीच्या हास्यावर फोडण्याची जी सवय समाजाला लागली आहे, तिचे मूळ कोणाच्या तोंडी आहे, हे त्यातून दिसू लागते.

दुसरे उदाहरण स्वयंवराचे. ‘सूतपुत्राला वरणार नाही’ असे म्हणून द्रौपदीने कर्णाला नाकारले, हा प्रसंग प्रचलित पाठात आहे. चिकित्सित आवृत्तीत तो मजकूर मुख्य संहितेत नसून तळटीपेत आहे. कर्णाच्या पुढील सूडबुद्धीचे स्पष्टीकरण ज्या प्रसंगावर उभे केले जाते, त्याचा आधार पोथ्यांच्या साक्षीने असा दुबळा ठरतो.

तिसरे उदाहरण वस्त्रहरणाचे. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरविली, ही कथा कीर्तनांतून शतकानुशतके सांगितली गेली. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या आणि १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सभापर्वात या ठिकाणी कृष्णाची प्रार्थना नाही. एक वस्त्र ओढले की त्याचसारखे दुसरे प्रकट होते, एवढेच तेथे सांगितले आहे. चमत्कार आहे, परंतु तो कोणी केला हे सांगितलेले नाही. तथापि उद्योगपर्वात, संहितेत स्वीकारलेल्या भागातच, आपण दूर असताना द्रौपदीने आपल्याला गोविंद म्हणून हाक मारली होती आणि ते ऋण मनातून जात नाही, अशा आशयाचे उद्गार कृष्णाच्या तोंडी आहेत. ‘कृष्ण तेथे नव्हताच’ असे ठणकावून सांगणाऱ्याने हे दुसरे स्थळ वाचलेले नसते.

या तीनही उदाहरणांत प्रक्षेप म्हणजे असत्य असे समीकरण मांडणे चुकीचे ठरते. नंतर जोडलेला मजकूर हाही इतिहासाचा पुरावाच आहे. कृष्णाच्या धाव्याचे श्लोक महाभारताच्या जुन्या थराविषयी फारसे सांगत नसतील, परंतु भक्तिभावना या ग्रंथात कशी मुरत गेली याविषयी ते पुष्कळ सांगतात. श्रद्धाळू वाचकाला खिजविण्यासाठी किंवा परंपरेला सरसकट बनावट ठरविण्यासाठी जेव्हा या आवृत्तीचा हवाला दिला जातो, तेव्हा तिच्यातील नागमोडी रेघ पुसली गेलेली असते.

४. संशोधकाचे लोकाभिमुख होणे

चिकित्सित आवृत्तीच्या संपादकांना या अंतराची जाणीव नव्हती असे नाही. सुकथनकर यांनी जानेवारी १९४३ मध्ये मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थाविषयी चार व्याख्याने देण्याचे योजिले होते. आयुष्यभर पाठभेदांच्या अरण्यात वावरलेला हा पंडित, या ग्रंथाचा माणसाला काय उपयोग, या प्रश्नाकडे वळला होता. तीन व्याख्याने झाली. चौथे होण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. ही व्याख्याने १९५७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, पण ती इंग्रजीत होती. मराठी वाचकापर्यंत जाण्याचे काम इतरांना करावे लागले.

मराठीत हे काम विविध प्रकारांनी झाले. दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये आले. व्यक्तिरेखांचा चिंतनशील, ललित अंगाने घेतलेला वेध असे त्याचे स्वरूप आहे. १९६७ मध्ये शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ हे दोन्ही ग्रंथ प्रसिद्ध झाले. एकाच वर्षी आलेल्या या दोन ग्रंथांतील कर्ण मात्र परस्परांहून फार भिन्न आहे. कादंबरीकाराने कर्णाला नायक केले. कादंबरीकाराला ते स्वातंत्र्य असतेच आणि तो त्याचा हिशेब देण्यास बांधील नसतो. इरावती कर्वे यांनी मात्र असे स्वातंत्र्य घेतल्यास त्याचा हिशेब देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. या बंधनातच त्यांच्या ग्रंथाचे वेगळेपण आहे.

५. ‘युगान्त’ : पद्धती आणि सचोटी

इरावती कर्वे (१९०५–१९७०) या मानवशास्त्रज्ञ होत्या. १९३० मध्ये बर्लिन येथून त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अध्यापन-संशोधन केले. भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या विदुषीचे संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत होते, तिने महाभारताविषयी सामान्य वाचकासाठी मराठीतून लिहिले, ही घटना अध्यापकवर्गाने लक्षात घेण्यासारखी आहे.

‘युगान्त’ची भाषा सोपी आहे. पारिभाषिक संज्ञांचा भार नाही. भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण, कृष्ण अशा व्यक्तींभोवती प्रकरणे रचलेली आहेत. परंतु लेखिकेने आधारासाठी चिकित्सित आवृत्ती घेतली आहे आणि हे वाचकाला सांगितले आहे. आप्तसंबंधांच्या अभ्यासकाची दृष्टी सर्वत्र जाणवते. खांडववनाच्या दहनाकडे पराक्रमाची कथा म्हणून न पाहता तेथील रहिवाशांच्या संहाराच्या दृष्टीने पाहणे, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

विदुर हाच युधिष्ठिराचा जन्मदाता असावा काय, हा प्रश्न त्यांनी ‘पितापुत्र’ या प्रकरणात उपस्थित केला आहे. विदुर हा धर्माचा अवतार आणि युधिष्ठिर हा धर्माचा पुत्र. नियोगाच्या प्रथेत दिराला असलेले स्थान. आश्रमवासिक पर्वात देहत्यागाच्या वेळी विदुराने योगबळाने युधिष्ठिराच्या शरीरात केलेला प्रवेश, असे धागे त्या एकत्र करतात. मात्र तर्काच्या अडचणीही त्या वाचकापुढे ठेवतात आणि शक्यतेला सिद्धान्ताचे रूप देत नाहीत. असा धक्कादायक तर्क हाती आला असता त्याचीच जाहिरात करण्याचा मोह अनेकांना झाला असता.

या सचोटीचा सर्वांत स्पष्ट प्रत्यय ‘द्रौपदी’ या प्रकरणाच्या अखेरीस येतो. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते. ती का पडली, असे भीम विचारतो. अर्जुनाविषयी तिच्या मनात पक्षपात होता, असे उत्तर देऊन युधिष्ठिर मागे न पाहता पुढे जातो. संहितेत एवढेच आहे. इरावती कर्वे यांना मात्र येथे थांबावेसे वाटत नाही. भूमीवर पडलेल्या द्रौपदीच्या मनात काय आले असेल, भीम तिच्याजवळ आला असता तर काय घडले असते, याचे हृद्य चित्र त्या रंगवितात. पण हे चित्र रंगविण्यापूर्वी त्या वाचकाला स्पष्ट सांगतात, की आतापर्यंतच्या विवेचनाला चिकित्सित आवृत्तीचा आधार आहे आणि यापुढचे सारे ‘नरोटी’ आहे.

‘नरोटी’ हा शब्द सहज आलेला नाही. शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नकलाकारांच्या हातून शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले आणि मूळ ग्रंथात कोणी आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात रिकामी करवंटी ठेवण्यासारखे होईल, असा इशारा दिला. महाराष्ट्रातील पाठचिकित्सेची जाणीव चिकित्सित आवृत्तीपूर्वी साडेतीन शतके जुनी आहे, याचा हा पुरावा. इरावती कर्वे यांनी एकनाथांचा हा शब्द स्वतःच्या कल्पनेला लावला. आपल्या लेखनातील सर्वांत भावपूर्ण परिच्छेदाला त्यांनीच करवंटी म्हटले. चिकित्सित आवृत्तीच्या पानांवर जे काम नागमोडी रेघ करते, तेच काम सामान्य वाचकासाठी येथे एका परिचित मराठी शब्दाने केले आहे. तळटीप नाही, परिशिष्ट नाही, तरीही पुरावा कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते हे वाचकाला अचूक कळते.

‘युगान्त’ निर्दोष आहे असे मात्र नाही. चिकित्सित आवृत्तीने स्वीकारलेले काही भागही लेखिकेला उत्तरकालीन वाटतात. तेथे त्यांचा आधार पोथ्यांचा नसून स्वतःच्या अभिरुचीचा आणि तर्काचा असतो. महाकाव्यातील दैवी आणि काव्यात्म अंशाला त्यांच्या मानवशास्त्रीय दृष्टीत पुरेसा अवकाश मिळत नाही, असा आक्षेपही घेता येतो. सभेत द्रौपदीने विचारलेल्या प्रश्नाविषयी त्यांनी केलेली टीका आजच्या अनेक वाचकांना मान्य होणार नाही. परंतु हा मतभेद करण्याचे साधन वाचकाच्या हाती त्यांनीच दिलेले असते. आधार सांगितलेला असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालता येतो. ज्या लेखनाशी वादच घालता येत नाही, ते वाचकाला अनुयायी बनविते, अभ्यासक बनवीत नाही.

६. महाविद्यालयीन अध्यापक आणि सामान्य वाचक

या विवेचनाचा संबंध महाविद्यालयीन अध्यापकाच्या दैनंदिन कार्याशी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या पदोन्नतीला गुणांकन जोडले आणि मानव्यविद्यांतील लेखनाचा ओघ संशोधनपत्रिकांकडे अधिकच वळला. संशोधनपत्रिकांची आवश्यकता निर्विवाद आहे. परंतु समव्यावसायिकांसाठीच लिहिण्याची सवय लागली, की सामान्य वाचकासाठी लिहिणे हे दुय्यम किंवा विद्वत्तेला कमीपणा आणणारे कार्य वाटू लागते. अध्यापकांनी सोडलेली ही जागा रिकामी राहत नाही. आधार न सांगणारे आणि शंकेची रेघ न ओढणारे लेखन ती भरून काढते.

तालुक्याच्या गावी असलेले महाविद्यालय आणि सार्वजनिक ग्रंथालय यांचा या दृष्टीने विचार व्हावयास हवा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्येच संमत झाला. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्या. म. गो. रानडे यांनी १८७५ मध्ये केला आणि तिच्या अनुकरणाने ठिकठिकाणी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. श्रोते आणि वाचक यांची ही व्यवस्था महाराष्ट्राला परंपरेने लाभलेली आहे. संस्कृत, मराठी आणि इतिहास या विभागांच्या अध्यापकांनी मिळून एखाद्या परिचित प्रसंगाचा प्रचलित पाठ आणि चिकित्सित पाठ शेजारी शेजारी ठेवून ग्रंथालयात वाचून दाखविला, तर श्रोत्यांना संशोधन म्हणजे काय याचा अनुभव येईल. त्यासाठी निधी लागत नाही. दोन्ही पाठ आणि त्यांतील भेदाविषयी बोलण्याची तयारी एवढेच लागते. बिबेक देबरॉय यांनी चिकित्सित आवृत्तीवरून केलेले संपूर्ण इंग्रजी भाषांतर २०१० ते २०१४ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध झाल्याने संस्कृत न जाणणाऱ्या अध्यापकालाही असे काम आता शक्य झाले आहे.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष संभवतात. अभिजात ग्रंथाविषयीचे संशोधन सोपे करून सांगणे म्हणजे त्यातील अनिश्चितता गाळून टाकणे नव्हे. सामान्य वाचकाला पाठभेदांची यादी नको असते. पण आपल्याला सांगितलेली गोष्ट किती खात्रीची आहे हे जाणून घेण्याचा त्याला अधिकार आहे. चिकित्सित आवृत्तीने हे नागमोडी रेघेने साधले आणि ‘युगान्त’ने एका शब्दाने. एखादा प्रसंग नंतरचा ठरला म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले गेले पाहिजे. अन्यथा संशोधन हे श्रद्धेविरुद्धचे हत्यार आहे असा समज बळावतो आणि संशोधक व समाज यांच्यातील दुरावा वाढतो.

चिकित्सित आवृत्ती संस्थानिकांच्या देणग्यांवर आणि सार्वजनिक साहाय्यावर सिद्ध झाली. तिच्यावर समाजाचा हक्क आहे. तो हक्क समाजाला मिळवून देणे हे शासनाचे किंवा प्रकाशकाचे काम असेलही, परंतु सर्वप्रथम ते अध्यापकाचे काम आहे. अमृताचे ताट वाढून देताना आपली करवंटी कोणती हे सांगण्याचा प्रांजळपणा त्याच्याजवळ असला, म्हणजे वाचकाच्या विश्वासाला तो पात्र ठरेल.